काटेबाईंची टाळी

सरकारी आरोग्य खात्यात सत्तावीस वर्षं नर्स असलेल्या बाईंना पगारपत्रकावर काही वेगळं नाव असेलही, पण बारा शाळांतली मुलं त्यांना काटेबाई म्हणत. कारण वजनकाटा म्हणजे बाईंचं शेंडेफळच. जुन्या पडद्याची झूल घातलेला तो काटा मांडीवर घेऊन त्या बसने हिंडत. एकदा कंडक्टरने विचारलं, ह्याचं अर्धं तिकीट फाडू का? बाई म्हणाल्या, फाडा, पण मग हा तुमचं वजन सगळ्यांदेखत सांगेल. कंडक्टर पोट आत ओढून पुढे सरकला.

मुलांच्या अंगावर नको तितकी चरबी चढू नये म्हणून खात्याने मोहीम काढली. बाकीच्या नर्सेस तक्ते दाखवून भाषणं देत आणि मुलं जांभया देत. बाईंची रीत निराळी. आधी त्या स्वतः काट्यावर चढत. मुलं एका सुरात आकडा वाचत, “ब्याऐंशी!” बाई बजावत, त्यातली पाच किलो अक्कल आहे, ती वजा करा. असा हशा पिकला की जाडजूड मुलंही लाज सोडून रांगेत येत. मग सरबताऐवजी पाणी प्या, जिने चढा, असं सांगणं. आणि जाड मुलाचा आकडा उतरला की वर्गाने टाळ्या वाजवायच्या, पहिली टाळी बाईंची.

सहावीत एक मुलगी होती. वर्ग तिला फुगी म्हणे. आई एका लाँड्रीत इस्त्रीला. फुगी रांगेत सगळ्यात शेवटी यायची आणि काट्यावर श्वास रोखून उभी राहायची. तिला वाटे, तेवढंच वजन कमी भरेल. बाई एकदा तिच्या कानाशी लागल्या, “सोड गं श्वास. हवेचं वजन मी धरत नाही.” तेव्हापासून दोघींचं गूळपीठ जमलं.

सहामाहीनंतर फुगीचा आकडा उतरू लागला. चोपन्नचे एकोणपन्नास झाले, एकोणपन्नासचे पंचेचाळीस. वर्गाने टाळ्यांनी छत डोक्यावर घेतलं. बाई इतक्या हुरळल्या, की ऑफिसात चहाच्या कपागणिक फुगीचा विषय निघायचा.

आकडा पंचेचाळीसवर आला त्याच दिवशी फुगीची आई शाळेच्या दवाखान्याच्या खोलीत आली. पोरगी बाटल्याच्या बाटल्या पाणी रिचवते, रात्री चार-चारदा लघवीला उठते, फ्रॉक खांद्यावरून गळतो, असं काळजीने सांगू लागली. बाई हसल्या. म्हणाल्या, सरबत सोडून पाणी धरलंय पोरीने, आणखी काय हवं?

“फ्रॉक आत घ्या आणि निर्धास्त राहा.”

त्यांच्या पाठीमागे भिंतीवर खात्याचा तक्ता होता. खूप तहान, सारखी लघवी, घटतं वजन. मुलामध्ये असं दिसलं तर ताबडतोब रक्तातली साखर तपासा. चारही कोपऱ्यांना टाचण्या बाईंनीच मारलेल्या. एखाद्या हाडकुळ्या पोराचा आजार त्यांनी अर्ध्या मिनिटात ओळखला असता. पण हा आकडा उतरावा म्हणून त्या वर्षभर झटत होत्या. तो उतरताना त्यांना आजार दिसलाच नाही.

नवव्या दिवशी चित्रकलेच्या तासाला फुगी बाकावरून खाली कोसळली. साखर बेसुमार वाढलेली. दोन दिवस ती शुद्धीवर नव्हती.

बाई हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून राहिल्या. मांडीवर काटा नव्हता. हात कुठे ठेवावेत ते कळेना. फुगीची आई बाहेर येऊन शेजारी टेकली. आता ही आपला उद्धार करणार, म्हणून बाईंनी मान खाली घातली.

“तुम्ही म्हणालात आणि मी खरंच निर्धास्त झाले हो,” आई म्हणाली. “फ्रॉकही आत घेतला.”

शिव्या असत्या तर बाईंनी सोसल्या असत्या.

फुगी वाचली. आता जन्मभर रोज इंजेक्शनं. बाईंनी आपली चूक स्वतःच्या हाताने अहवालात लिहिली. साहेब समजुतीने म्हणाले, कुणाच्याही हातून झालं असतं. बाई म्हणाल्या, कुणाच्याही हातून नाही झालं, माझ्या झालं.

दीड महिन्याने फुगी शाळेत आली आणि वजनाच्या दिवशी न बोलावता रांगेच्या शेवटी उभी राहिली. तुझं नंतर आत बघू, असं बाई म्हणेपर्यंत ती चढलीसुद्धा. एकोणपन्नास. औषध लागू पडलं होतं, अंग भरत होतं. बाईंच्या जिवात जीव आला. त्यांनी टाळी वाजवली.

एकट्यांनीच. वर्ग गप्प होता. टाळी कधी वाजवायची हे बाईंनीच तर शिकवलं होतं.

फुगीने आकड्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. बाई थट्टा करताहेत की काय, तिला कळेना.

“बाई, मी मुद्दाम नाही वाढवलं,” ती हळूच म्हणाली. “परत एकदा बघता? ह्या वेळी श्वास धरते.”

आणि बाई काही बोलायच्या आत तिने गाल फुगवले, डोळे मिटले.