सोलापुरात मंगळाचा माग

गंगूचा निरोप आला आणि मी शनिवारची सुट्टी मागायला थेट आमच्या शाळेच्या मुख्य बाईंच्या घरीच धावले. गंगू माझी ट्रेनिंग कॉलेजातली मैत्रीण. सोलापुरात विणकरांच्या पेठेत ती बायकांचा वाचनवर्ग चालवते, म्हणजे ती मोठ्याने वाचते आणि बायका ऐकतात. अलीकडे ऐकणाऱ्या चौघीच उरल्या होत्या. खोलीचे मालक नरसय्या शेठ सुताचे व्यापारी. शनिवारी सतरंजी भरली नाही तर इथे सुताचे गठ्ठे लावीन, असं त्यांनी बजावलं होतं. ‘बाया खिळून बसतील असं पुस्तक घेऊन ये, नाहीतर वर्ग गेला,’ असा गंगूचा सांगावा.

अहो, हे मला सांगायला हवं? बार्शीत दूध घालायला येणाऱ्या मावशींनासुद्धा मी उडत्या राजवाड्यांच्या आणि पाताळातल्या नगरांच्या कादंबऱ्या सुचवत असते. मी बेधडक माझी सर्वांत लाडकी उचलली, ‘मंगळाचा माग’, आणि उलट टपाली गंगूला नाव कळवलं. एक खगोलशास्त्री मंगळावर पोचतो, तिथल्या तांबड्या वाळूत त्याला हरवलेल्या भावाच्या पाऊलखुणा दिसतात आणि तो त्यांच्या मागे निघतो. वाचली नसेल तर आधी ती मिळवा, बाकीची कामं होतील सावकाश.

जाणाऱ्यांसाठी सांगते. बार्शीहून छोट्या गाडीने कुर्डुवाडी आणि तिथे गाडी बदलून सोलापूर. तिसऱ्या वर्गाचं तिकीट पुरे, पण इंजिनाकडच्या खिडकीशी बसू नका, कोळशाचे कण डोळ्यांत जातात. छोटी गाडी इतकी रमतगमत जाते की निम्मी कादंबरी वाचून होते. समोर घोंगडी पांघरलेले एक धनगर आजोबा बसले होते.

“काय वाचताय बाई एवढं?”

“मंगळावर गेलेल्या माणसाची गोष्ट.”

“तितं चारा हाय का?”

“पुस्तकात तरी दिसला नाही.”

“मग कशापायी गेला त्यो?” आजोबांनी तोंड फिरवलं. माझी शिफारस फुकट गेली. मला रागच आला, खरं सांगते.

सोलापूर स्टेशनवर टांगेवाल्याशी घासाघीस करावीच लागते, त्यात लाजू नका. तळ्यातलं सिद्धेश्वराचं देऊळ वाटेत दुरून बघितलं. गंगूकडे कडक भाकरी, दही आणि शेंगदाण्याची झणझणीत चटणी. पुण्याकडच्या पाहुण्यांनी ही चटणी बेताने घ्यावी. मी बेताने घेतली नाही आणि नाक पुसत पेठेत शिरले. घराघरातून मागांची खटखट आणि ओट्यांवर वाळत घातलेलं रंगीत सूत.

खोलीच्या दारात मी थबकलेच. सतरंजी भरून बायका भिंतीपर्यंत दाटीने बसल्या होत्या!

“अगं, पुस्तकाचं नुसतं नाव सांगितलं,” गंगू आनंदाने कुजबुजली, “तर पेठ लोटली.”

मी फुशारून वाचायला लागले. यान उतरलं, वाळू आली, पावलं उमटलेली दिसली. पुढच्या रांगेत राजव्वा बसली होती, पिकल्या केसांची, भल्या मोठ्या कुंकवाची. तिने हात वर केला.

“बाई, माग कुटं हाय वो?”

“हा काय, वाळूत. पावलांचा माग.”

“तसला न्हाय. आमचा माग. कापडाचा!”

आत्ता कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. विणकरांच्या पेठेत ‘माग’ शब्दाला दुसरा अर्थच नाही! बायका मंगळावरचा हातमाग बघायला आल्या होत्या. चुळबूळ झाली. मागच्या दोघी पदर सावरत उठल्या. दारात नरसय्या शेठ कुलूप घेऊन उभेच होते.

“येतो की! फुडच्याच पानावर येतो!” गंगू ओरडली.

पुढच्या पानावर वादळ होतं, माग नव्हता. मी पुस्तकात बघत बेलाशक ठोकून दिलं, “तेवढ्यात टेकडीमागून खटखट ऐकू आली.”

उठलेल्या बसल्या.

मंगळावर वजन हलकं असतं, एवढं मला ठाऊक होतं. ते सांगितल्याबरोबर राजव्वाचे डोळे चमकले. “अंग हलकं तर सूत नेणारा धोटा बी हलका. एक टोला दिला तर भितीपल्याड जाईल की!”

“मग माग बी तसलाच रुंद करायचा,” दुसरी म्हणाली. “गावाएवढं लुगडं निगंल.”

“आनि त्याच्या सुताच्या कांड्या कोन भरनार? हितं बी आमी, तितं बी आमीच व्हय?”

“तितं गड्यांना बशवा!”

काय हशा उसळला! मीही पुस्तक मांडीवर टाकून हसत सुटले. एक सांगायची, दुसरी खोडायची आणि मी जुळवून ‘वाचायची’. इतका आनंद मला वर्गात शिकवतानाही क्वचितच झाला असेल.

शेठ दारातूनच म्हणाले, “ते सगळं ठीक हाय. पन तितं सूत कुटनं येतंय?”

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी उगाच एक पान उलटलं.

“फुडच्या शनवारी सांगते,” गंगूने तोडलं.

“सांगा. लई जपून वाचा, पान गाळू नका,” असं म्हणत शेठ कुलूप खिशात घालून गेले.

वर्ग वाचला, आणि ‘मंगळाचा माग’ मी गंगूकडेच ठेवून आले. परतीच्या गाडीत हाताला चाळा नव्हता म्हणून आठवून बघितलं. त्या अख्ख्या कादंबरीत कुणी जेवण रांधत नाही, कापड विणत नाही, जनावर राखत नाही. तरी ती मला अजून तितकीच आवडते, आणि तुम्हीही वाचाच. पण सोलापुरात जी मंडळी ती ऐकायला बसली आहेत, त्यांना हवं असलेलं प्रकरण अजून कुणी लिहिलेलंच नाही. बार्शीला उतरले ती वाटेत कोरे कागद घेऊनच घरी आले. शनिवारच्या आत गंगूला मिळतील असे ते लिहून टपालात टाकायला हवेत, आणि मंगळावर कापूस कुठे लावायचा हेच अजून ठरत नाहीये.