एका थेंबाची मूठ

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते माती चाळण्याचं. दुपारचे चार वाजले असतील. ती पडवीत पाटावर, मी पायरीवर आणि मधे चाळण. चाळण मी हलवायची आणि मी ती किती वाईट हलवतो ते तिने सांगायचं, अशी कामाची वाटणी होती. लग्न झाल्यापासून तीच वाटणी होती, त्यात बदल झाला नाही. "ट्रक चलवतास काय ओ? हळू!" ती म्हणाली. खाण बंद पडली तेव्हाच माझा ट्रक गेला, पण तिच्या मते तो माझ्या हातातून गेलाच नव्हता. चहा ढवळला तरी मी गिअर टाकतो असं तिचं म्हणणं.

मी चौथी शिकलेला माणूस. मला लिहिता येत नाही, म्हणजे अक्षर येतं, लिहिणं येत नाही. पण मुलीने फोनवर धोशा लावला, "बाबा, आईबद्दल लिहून ठेवा, तुम्ही विसराल." विसरणार कसला! तरी लिहितो. आणि एक गोष्ट छातीवर हात ठेवून सांगतो. मातीवर आमच्या बायकोएवढा संशय घेणारं माणूस डिचोली तालुक्यात झालं नाही. पेडण्यात झालं असेल तर आणून दाखवा, मी पाया पडतो. बाकीच्या बायका नवऱ्यावर संशय घेतात. हिने माझ्यावर कधी घेतला नाही. मी मालाच्या फेऱ्या मारून रात्री-बेरात्री आलो तरी फक्त चपलांना लागलेली माती बघायची आणि म्हणायची, "ही आमच्या खाणीची न्हय. खय गेलेलात?" आणि ते बरोबर असायचं.

हा गुण तिला नोकरीतून लागला. आम्ही मूळचे दोडामार्गाकडले, खाणीवर कामाला म्हणून इकडे आलो आणि इकडचेच झालो. मी ट्रकवर, ती नमुन्याच्या शेडमध्ये. खाणीचा माल, म्हणजे लोखंडाची तांबडी माती, बोटीत चढण्याआधी त्याचे नमुने त्या शेडमध्ये यायचे. बायका ते लोखंडी परातीत सुकवायच्या, कुटायच्या, चाळायच्या, मग जमिनीवर त्याची सुबक रास करायच्या. रास चपटी करून तिच्यावर फुली मारायची, चार वाटे पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे आणि दोन फेकून द्यायचे. उरलेल्याची परत रास, परत फुली, परत दोन वाटे बाहेर. असं करत करत शेवटी बशीभर माल उरला की त्यात चिठी घालायची, नमुना कुठला, पाळी कुठली, घेतला कोणी, आणि तो तपासायला जायचा. एका नमुन्याचा कण दुसऱ्यात जाऊ नये म्हणून प्रत्येक वेळी हात धुवायचे. "त्या बशीभर मातयेर आख्ख्या बोटीची किंमत ठरता," असं ती अशा तोऱ्यात सांगायची की बोट हिच्या बापाची आहे असं वाटावं.

शेड सुटली, पण शेडची सवय सुटली नाही. वाण्याकडे तांदूळ घ्यायला गेली की मूठभर तांदूळ त्याच्याच काउंटरवर ओतून फुली मारायची. वाणी हात जोडायचा. लोणच्याच्या बरणीवर चिठी असायची, "कैरी, मागील दारची, पहिली पाळी." आमच्या मुलीला स्थळ आलं तेव्हा मुलाची चौकशी तिने त्याच्या गावातल्या चौघांकडे केली आणि त्यातल्या दोघांचंच ऐकलं. का, तर ते दोघे समोरासमोरच्या घरांत राहत होते. जावई चांगला निघाला, म्हणून मी काही बोलत नाही. घरात बाहेरून आलं की मला दारातच अडवायची. "हात!" एवढंच. पोदेराकडून पाव घेऊन आलो तरी "हात!", स्मशानातून आलो तरी "हात!", आणि न्हाणीतून आलो तरी "हात!" हात न धुता मी आमच्या घरात एका वस्तूला शिवलो असेन तर ती तिच्या माहेरी गेलेल्या दिवशी.

तर मुलगी लग्न होऊन थंड देशात गेली. तिथून तिने एकदा मोबाईलवर फोटो पाठवला. झाडाच्या गडद सावलीत मोठाल्या पानांची झुडपं, पान रानहळदीसारखं, पण कडेला पांढरी किनार. होस्टा म्हणतात त्याला. आमच्या मागल्या दारी विहिरीजवळ फणसाच्या सावलीत एक जागा आहे, तिथे काही म्हणजे काही येत नाही. ती त्या जागेवर बरीच वर्षं डूख धरून होती. फोटो बघून तिने त्याच दिवशी बी मागवलं. मुलगी म्हणाली, "आई, रुजेल गं ते घरात. पण पुढे त्याला हिवाळा लागतो, आपल्याकडे टिकायचं नाही." ही म्हणाली, "आधी रुजान येऊंदे. फुडचा फुडे." एका ओळखीच्या माणसाबरोबर कागदी पुडी आली. आत काळं, पातळ, पंख असलेलं बी, उंबऱ्यावर मरून पडलेल्या वाळवीसारखं. सोबत निरोप होता की हे बी फार दिवस ठेवू नये, मरतं.

आता बायकोने काय करावं? ताटात बियांची रास केली, फुली मारली, समोरासमोरचे दोन वाटे आधी पेरायला घेतले आणि दोन पुडीत राखून ठेवले. मी हसलो. पुढे कळलं की त्या दिवशी हसण्यासारखं काही नव्हतं.

उभ्या जन्मात तिने एकाच मातीवर संशय घेतला नव्हता, ती तुळशीतली. पवित्र माती, रोज पाणी, रोज हळदकुंकू, तिच्यात काय खोट असणार! तीच माती ट्रेमध्ये घालून तिने बी पेरलं आणि ट्रे स्वयंपाकघराच्या जनेलावर, खिडकीच्या उजेडात ठेवला. आठवड्याने सुईच्या टोकाएवढे हिरवे कोंब आले. ती शेजारपाजारच्या बायकांना बोलावून दाखवायला लागली. तिसऱ्या दिवशी सगळे कोंब मानेत मोडून आडवे, आणि मुळाशी पांढरी बुरशी, कापसासारखी. तिने एक कोंब चिमटीत धरून उजेडात बघितला. मग म्हणाली, "नमुनो चुकलो." त्या दिवशी जेवली नाही. तुळशीला पाणी घातलं, पण तिच्याशी बोलली नाही.

मुलगी फोनवर म्हणाली, "आई, बाहेरची माती वापरायचीच नसते. बी पेरायला माती नसलेली माती लागते." हे ऐकून ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी काही मुलीला मीच बिघडवली. मी पणजीला जाऊन बसने अशी एक पिशवी आणलीसुद्धा. हिने ती पडवीत ओतली, फुली मारली, आत एक काडी आणि सुतळीचा तुकडा सापडला. "चिठी खय? पाळी खयची?" पिशवी नारळाच्या बुंध्यात गेली. अंगणातली तांबडी माती मी सुचवली तर चिमूट चोळून म्हणाली, "हो माल आसा, माती न्हय. बोटीत घाला."

मग मी शहाणपणा केला. म्हटलं, हिला बारीक माती पाहिजे ना, आपण अशी आणू की चाळायलाच नको. रानाच्या वाटेवर एक वारूळ होतं. माती पिठासारखी मऊ. बालदी भरून आणली. तिने हात घातला आणि चेहराच बदलला. "ही खयची?" मी सांगितलं. "अवो, सातेरी ती! देवीच्या आंगावयली माती काढून हाडलात?" आमच्याकडे वारूळ म्हणजे देवी. लहानपणापासून हात जोडत आलो, पण बालदी हातात असली की माणसाला देव दिसत नाही. ती मला तसाच उलट्या पावली घेऊन गेली. मी बालदी ओतली, नारळ ठेवला, आणि तिने माझ्या वतीने देवीची माफी मागितली, "मूर्ख आसा, पण मनान वायट नाय." माझ्याबद्दल एवढं चांगलं ती आधी कधी बोलली नव्हती.

शेवटी तिनेच मार्ग काढला. चोपड्याला माझी बहीण असते, तिच्याकडून नारळाच्या काथ्याचा भुसा पोतंभर आणवला. भाताचं तूस जाळून काळं केलं. दोन वाटे भुसा, एक वाटा जळकं तूस, वर मूठभर धुतलेली वाळू. आणि बुरशी मरावी म्हणून ते सगळं मोदकपात्रात अर्धा तास वाफवायचं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी बाहेरून आलो, हात धुतले, बघतो तर चुलीवर मोदकपात्र, झाकणातून वाफ. उघडलं, आत काळपट काहीतरी मऊ. म्हटलं नाचण्याचं गोड केलंय. फळीवरची कुलेर घेतली, चमचाभर तोंडात घातलं. त्याच क्षणी ती दारात. दुसरी बाई असती तर किंचाळली असती, पाणी दिलं असतं. ही पुढे आली, माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि हळूच विचारलं, "खारट लागता?"

मी मान हलवली. बोलायची सोय नव्हती.

"तरी माका वाटलाच," ती म्हणाली. चोपड्याला काथ्यासाठी नारळाची सोडणं नदीच्या खाऱ्या पाण्यात भिजत घालतात, ते मीठ भुशात उतरलेलं. सगळा भुसा तिने विहिरीच्या पाण्याने तीनदा धुतला, आणि दर वेळी मला जिभेवर ठेवून सांगावं लागलं. तिसऱ्यांदा मी खोटंच "गोड" म्हणालो. तिने स्वतः चाटून बघितलं आणि चौथ्यांदा धुतला.

तर त्या दुपारी आम्ही चाळलं ते हे. चाळून, परत वाफवून, थंड करून तिने पाणी शिंपडलं आणि ओल बघायला मूठ भरली. मूठ धरली की एक थेंब पडला पाहिजे. नाही पडला तर बी सुकणार, दोन पडले तर कुजणार. तिच्या मुठीतून एक पडला. मग मला म्हणाली, "तुमी बघा." माझ्या मुठीतून धार लागली.

"आवळूची नाय ओ," ती म्हणाली. "धरूची. स्टेरिंग न्हय ता."

मी परत धरली. तीन थेंब. ती हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. परातीवर ओलं फडकं घातलं आणि म्हणाली, "आज मुरांदे. फाल्या सकाळी पेरूया. आता बियाचे दोनच वाटे उरलेत, घाई नको." चहा केला. पाठीत दुखतंय म्हणून भिंतीला टेकली. सहाची बस गेली तेव्हा ती होती. पुढची आली तेव्हा नव्हती. डॉक्टर आले, ते उगाच.

सकाळी उजाडताच घर भरलं. तिला बाहेरच्या खोलीत ठेवली होती. मी स्वयंपाकघरात गेलो तर शेजारची वहिनी परात उचलून मागल्या दारी निघालेली. म्हणाली, "भावजी, ही घाण काढते, माणसं येतली." मी म्हटलं, "ठेव." ती म्हणाली, "अहो, सुतक आसा." मी म्हटलं, "सुतक मला आहे, मातीला नाही. ठेव खाली." तिने ठेवली आणि बाहेर जाऊन, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं सगळ्यांना सांगितलं. ते मला ऐकू आलं.

फडकं काढलं. मूठ भरली. आवळली नाही, धरली. एक थेंब पडला. दुसऱ्याची वाट बघत उभा राहिलो. नाही पडला.

माती ट्रेमध्ये पसरली, पुडीतलं सगळं बी वर पेरलं, चिमूट चिमूट माती भुरभुरवली. तिने चिठी आधीच लिहून ठेवली होती, ती कडेला खोचली. ट्रे जनेलावर ठेवला. मग हात न धुता, मातीच्या हातांनी तसाच बाहेर गेलो आणि तिच्याजवळ बसलो. तिच्या हातावर हात ठेवला.