कॉम्प्युटर मी बंद पाडला नव्हता

आमच्या घरात भुताखेतांचा विषय निघाला की वडील रेडिओचा आवाज वाढवायचे. ते शिक्षक होते, बाबासाहेबांना मानणारे. अंगात येणं, करणी, भानामती यातलं काहीच त्यांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. मी तसाच वाढलो. पुढे इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, आणि बिघाड आहे म्हणजे त्याला कारण असणारच हे डोक्यात पक्कं बसलं. या सदरातले अनुभव मी नेहमी वाचतो, पण खरं सांगतो — टाइमपास म्हणून. आज इथे स्वतः लिहायला बसलोय याचं मलाच नवल वाटतंय.

नांदुऱ्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं झेरॉक्स आणि डिझाइनचं दुकान आहे. आयडी कार्ड, वाढदिवसाचे फोटो, लग्नपत्रिका अशी कामं असतात. दोनेक वर्षांपूर्वी लग्नसराईच्या तोंडावर मी नवीन कलर प्रिंटर घेतला. जोडल्या जोडल्या कॉम्प्युटर बंद... निळी स्क्रीन, इंग्रजीत दोन ओळी, आणि आपोआप रिस्टार्ट. यात नवल काही नाही. ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवायचं सॉफ्टवेअर, जुना असला की होतं असं. मी ड्रायव्हर काढून नव्याने टाकला, टेस्ट पेज काढलं, एका शाळेची आयडी कार्डं छापली. सगळं व्यवस्थित.

मग सुरेशभाऊंच्या मुलीची पत्रिका छापायला घेतली.

सुरेशभाऊ जवळच्याच एका खेड्यातले शेतकरी. शेती बऱ्यापैकी, भावकी मोठी, माणूस शब्दाचा पक्का. आमची ओळख जुनी. मुलगी वैष्णवी मलकापूरला फार्मसीला होती, रोज रेल्वेने जाऊन-येऊन करायची. जिथे लग्न ठरलं त्या मुलाचं नाव आकाश. डिझाइन पसंत झालं, प्रूफ पाहून झालं, मी प्रिंट दिली — आणि निळी स्क्रीन.

पुन्हा चालू केलं. पुन्हा प्रिंट दिली. पुन्हा तेच.

मला वाटलं, फॉन्ट. जुने मराठी फॉन्ट असा त्रास देतात. फॉन्ट बदलला... बंद. अख्खी पत्रिका फोटोसारखी सेव्ह करून पाहिली... बंद. मधे कंटाळून एका बारशाचं कार्ड छापलं, ते झकास आलं. पत्रिका दिली की बंद.

मलकापूरहून इरफानला बोलावलं. माझ्या दुकानातली सगळी मशिनं तोच बघतो. त्याने केबल बदलली, पोर्ट बदलला, रॅम काढून साफ करून परत बसवली. शेवटी स्वतःच्या लॅपटॉपला प्रिंटर जोडून पत्रिका दिली. लॅपटॉपही बंद पडला.

लॅपटॉप परत चालू करत तो म्हणाला, "मिलिंदभाई, फाइलमध्येच काहीतरी लोचा हाये. एकेक चीज काढून पाहा. जे काढल्यावर छापलं, तेच खराब समजा." एवढं सांगून लॅपटॉप पिशवीत टाकला आणि गाडी गाठायला गेला.

मी तेच केलं. गणपती काढला — बंद. किनार काढली — बंद. आमंत्रकांची नावं काढली — बंद. मुलाचं नाव काढलं, आणि पत्रिका छापली गेली.

म्हणजे 'आकाश' या नावात काहीतरी असावं. खात्री करायला ते परत टाकलं आणि 'वैष्णवी' काढलं. तरीही छापली गेली! मग वैष्णवीसमोर भलतंच नाव टाकून पाहिलं, आकाशसमोर भलतंच टाकून पाहिलं. सगळं छापलं जायचं. फक्त ही दोन नावं एका पत्रिकेवर आली की कॉम्प्युटर बंद.

तोवर मी घाबरलो नव्हतो, हे मुद्दाम सांगतो. वैतागलो होतो. म्हटलं ठीक आहे, आपण जुन्या माणसांसारखं करू — एकच कागद दोनदा मशीनमधून काढू. आधी मुलाच्या नावासकट सगळं छापू, मग त्याच कागदावर मुलीचं नाव.

पहिली छपाई झाली. मुलाच्या नावाखालची जागा कोरी. तोच कागद परत ट्रेमध्ये ठेवला. दुसऱ्या फाइलमध्ये फक्त 'वैष्णवी' एवढाच शब्द. प्रिंट दिली.

निळी स्क्रीन.

कागद काढून तिथे कोरा कागद ठेवला, तीच फाइल दिली. 'वैष्णवी' छापून आलं. परत आकाशचं नाव असलेला कागद ठेवला — बंद. कोरा ठेवला — चालू. दुपारची वेळ, रस्त्यावर रहदारी, समोरच्या टपरीवर माणसं... आणि मी प्रिंटरपासून खुर्ची मागे सरकवली. हा साधा प्रिंटर. ट्रेमधल्या कागदावर आधी काय छापलंय ते बघायला त्याला डोळे नाहीत. हे कॉम्प्युटरला कळलं कसं?

मी खुर्चीवर तसाच बसलो होतो तेवढ्यात वैष्णवी आली. मलकापूरच्या गाडीतून उतरून आली होती. "पप्पा म्हणे, घरी येता येता पत्रिकेचं पाहून ये. तेबी येऊन राह्यले मले न्यायले."

मी म्हटलं, "झालं नाही गं अजून. कॉम्प्युटर बंद पडून राह्यला."

तिने पाठीवरची बॅग काढली, मागे वळून रस्त्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "काका, अजून किती दिवस बंद ठेवता येईन?"

मला आधी समजलंच नाही. "म्हणजे?"

"मले समजलं ना. बाकी सगळ्याइचं छापता तुमी, आमचंच नाही छापत. पप्पा घरी सांगत होते. मले वाटलं, तुमाले कोणी सांगतलं अशीन."

"काय सांगतलं अशीन?"

मग ती बोलली. बघायला आले तेव्हा सासरचे म्हणाले होते, शिक्षण पूर्ण करू देऊ. साखरपुडा झाला तसा सूर बदलला. आकाशने फोनवर स्पष्टच सांगितलं — लग्नानंतर कॉलेज नाही, घरात दुकान आहे, आईला मदतीचा हात लागतो. हिने रडून पाहिलं तर तो म्हणाला, सवय होईल. दुसरं कोणी मनात आहे वगैरे काही नव्हतं. तिला फक्त ते लग्न नको होतं.

"बापाले सांगतलं काऊन नाही मग?"

"कवा सांगू? घरात एकटे सापडतच नाहीत ते. मोठे बाबा नाहीतर काका बसेलच राह्यते. त्याइच्यासमोर तोंड उघडलं का मग लग्न उद्याच लावून देतीन."

मी म्हणालो, "पोरी, मी मुद्दाम काही करून नाही राह्यलो. खरंच बंद पडते हे." ती थोडं हसली. मोठ्या माणसाने काही लपवलं की मुलं जशी समजूतदारपणे गप्प बसतात ना, तसं.

एवढ्यात सुरेशभाऊंची गाडी दारात. आत येऊन स्टुलावर बसले. "मिलिंदभाऊ, झालं का? नसन होत तर मी उद्या मलकापूरले देतो. तुमच्यावर राग नाही. पण लोकाइत बोभाटा होण्याआधी छापून झाल्या पायजे. आमच्याकडं लगेच शकुन-अपशकुन काढतात."

वैष्णवी खाली बघत होती. ट्रेमध्ये तो अर्धा छापलेला कागद तसाच होता. खरं तर मी हो म्हणून फाइल पेनड्राइव्हवर द्यायला हवी होती. धंद्याच्या गोष्टीत दुसऱ्याच्या घरात डोकावायचं नाही, हा माझा नियम. पण तोंडातून निघून गेलं, "सुरेशभाऊ, पोरीले तुमच्याशी काही बोलायचं हाये. इथं तिसरं कोणी नाही. मी चहा सांगून येतो."

आणि मी बाहेर पडलो.

टपरीवर उभा राहून दुकानाकडे पाठ केली. चहावाल्याला दोनदा सांगितलं की आत इतक्यात चहा नेऊ नको. बऱ्याच वेळाने परत गेलो तेव्हा वैष्णवीचे डोळे सुजलेले होते. सुरेशभाऊ टोपी हातात घेऊन बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "राहू द्या पत्रिका." नंतर मुलीला म्हणाले, "चाल, माय वाट पाहत अशीन."

पुढचं सोपं गेलं नाही. बैठका झाल्या, सुरेशभाऊंच्या मोठ्या भावाने, म्हणजे वैष्णवीच्या मोठ्या बाबांनी, बोलणं सोडलं, सोयरे म्हणून ठरलेली माणसं रस्त्यात तोंड फिरवू लागली. पण लग्न मोडलं ते मोडलंच. वैष्णवी आता शेवटच्या वर्षाला आहे.

आणि माझा प्रिंटर? दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं आणि पहिली गोष्ट काय केली असेल, तर ती पत्रिका छापायला दिली. दोन्ही नावांसकट, मूळ फाइल, काहीही न बदलता. सरसर बाहेर आली, रंग अगदी उठावदार. परत दिली, परत आली. मी ते कागद फाडून टाकले. इरफानला फोन केला तर तो म्हणाला, "मग झाली ना रिपेअर, आता काऊन डोकं खाऊन राह्यले?"

माझी अडचण वेगळीच आहे. बायकोला सगळं सांगितलं तर सुजाता म्हणाली, "चांगलंच केलं तुमी. मले तरी आधी सांगाचं ना." मुद्दाम काही केलं नाही अशी मी शपथ घेतली, तरी तिचं मत तेच. सुरेशभाऊ पुढे एकदा बाजारात भेटले, हात धरून म्हणाले, "तुमी सरळ सांगतलं असतं तर मी ऐकलं नसतं. तुमची युक्ती बरी निघाली." मी म्हटलं, युक्ती नव्हती हो. ते म्हणाले, "बरं, नव्हती," आणि पाठीवर थाप मारून गेले. ज्याला त्याला वाटतं मी भला माणूस आहे. मला फक्त एवढं माहीत आहे की मी काहीच केलं नव्हतं.

हे आता लिहायचं कारण मागच्या महिन्यात घडलं. एक गृहस्थ मुलीला घेऊन पत्रिका करायला आले. ओळखीचे नव्हते. डिझाइन ठरलं, नावं टाकली, आणि त्यांना फोन आला म्हणून ते बाहेर गेले. ती मुलगी काउंटरजवळ सरकून हळूच म्हणाली, "काका, मले वैष्णवीनं पाठवलं."

तिला काय हवंय ते मला लगेच समजलं. तिला खरं सांगावं की माझ्या हातात काही नाही... पण तिच्या तोंडाकडे बघून बोलवेना. आणि खोटं कशाला बोलू, मलाही पाहायचं होतं. मी प्रिंट दिली.

पत्रिका छापून आली. दोन्ही नावं, स्वच्छ. मुलगी त्या कागदाकडे बघत राहिली.

तिचे वडील फोन खिशात घालत आत येत होते. मी कागद उचलला, खणात टाकला, आणि म्हणालो, "भाऊ, मशीन बिघडली हाये. दोन-चार दिवस लागतीन. तवर पोरीसोबत बसून नावं, तारखा नीट तपासून घ्या... घरी, दोघंच."

ती मंडळी अजून परत आलेली नाहीत. त्यांच्या घरात काय चाललंय, मला ठाऊक नाही. प्रिंटर मस्त चालतोय. तेव्हा तो का अडला आणि या वेळी का नाही, हे मी इरफानला विचारलं, स्वतःला विचारलं, आता तुम्हाला विचारतोय. ट्रेमधल्या कागदावर कोणाचं नाव आहे हे मशीनला कसं कळतं, कुणाला माहीत असेल तर खरंच सांगा. मला तरी अजून काही कळलेलं नाही.