राणीला कव्हर

"राणी घेतलीस. कव्हर कुठाय?"

कॅरम खेळताना माझी मैत्रीण हे विचारायचीच, पण कॅरम नसतानाही विचारायची. आमच्या घाटकोपरच्या ऑफिसात कोणाला बढती मिळो, कोणाचं लग्न ठरो, ती उजव्या हाताचं पहिलं बोट अंगठ्यावर ताणून हवेत टिचकी मारणार आणि हा प्रश्न टाकणार. ज्यांनी कॅरम खेळला नसेल त्यांच्यासाठी सांगते. मधली लाल सोंगटी म्हणजे राणी. ती घेतली की लगेच आपली आणखी एक सोंगटी घ्यावी लागते, ते कव्हर. नाही जमलं तर राणी परत मधे येऊन बसते, जशी काही गेलीच नव्हती.

मी तेव्हा बावीस वर्षांची टेलिफोन ऑपरेटर. दोन वेण्या आणि चौघींना पुरेल इतका गर्व. चुलतभावंडांना हरवून आले होते, म्हणून जेवणाच्या सुट्टीत तिला म्हटलं, "होऊन जाऊ दे एक डाव!" तिने मला एकही सोंगटी घेऊ दिली नाही. मी दोष पावडरीला दिला.

"पावडर चांगली आसा गो," ती म्हणाली. मालवणची होती. "उरलेली तोंडाक लाव."

तेव्हापासून मी तिची 'टेलिफोन'. पुढे दोघी मुलुंडला एकाच सोसायटीत आलो. चाळीस वर्षं मी तिच्याकडून हरत आले आणि दर वेळी पावडर बदलायला सांगत आले.

निवृत्त झाल्यावर ती मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेत गेली. घरामागे गवत होतं, तिथे हरणं यायची. त्या गवतात तिच्या पोटरीला तिळाएवढी गोचीड चावली. हिने नखाने काढून फेकली. काही दिवसांनी तिथे लाल चट्टा उठला, मधे ठिपका आणि भोवती गोल, अगदी कॅरमच्या मधल्या वर्तुळासारखा. गजकर्ण समजून हिने मलम चोळलं. चट्टा गेला.

मुलुंडला परतली ती ताप घेऊनच. गुडघा नारळाएवढा, आणि स्ट्रायकर मारायचं ते बोट लाकडासारखं ताठ. पहिले डॉक्टर म्हणाले, चिकनगुनिया. दुसरे म्हणाले, संधिवात. तिसरे म्हणाले, वय. चौथी मी.

"वय झालं गं आपलं," मी म्हटलं.

"तुझा झाला असात! माझ्या पोटरीवर कॅरमबोर्ड उठलेलो, तो काय वयान उठलो?"

यावर मी काय करावं? सोसायटीभर सांगत सुटले की तिला लेकीची आठवण येते, म्हणून दुखतं. वर्तमानपत्राच्या दोन पुरवण्या वाचून मी स्वतःला मनाची डॉक्टर समजत होते. आज नात विचारते, "आजी, तू इतकी शहाणी कशी?" तेव्हा मला ते दिवस आठवतात आणि मी विषय बदलते.

दुसरी कोणी असती तर गप्प बसली असती. ही दवाखान्यांना गोचिडीसारखी चिकटली. चट्टा कागदावर काढून न्यायची. शेवटी अंधेरीच्या एका तरुण डॉक्टरबाईंनी तो कागद नीट पाहिला आणि विचारलं, "आजी, परदेशात गवतात फिरला होतात?"

एवढ्या एका प्रश्नाला तिला रडू आलं. चाळीस वर्षांत मी पहिल्यांदा पाहिलं.

तपासण्या झाल्या, आजाराचं नाव निघालं, गोचीड चावून होणारा लाइम. मी घरोघर सांगितलं, तिला लिंबाचा आजार झालाय. "लिंबू न्हय गो, गावाचा नाव ता!" ती ओरडली.

एका औषधाने तीन आठवड्यांत गुडघा उतरला, बोटही सुटलं. तिने पेढे वाटले. चार महिन्यांनी बोट पुन्हा ताठ.

"बघ," ती म्हणाली. "राणी घेतली, कव्हर दिला नाय. परत मधे येऊन बसली."

हेच तिने डॉक्टरबाईंना ऐकवलं. मी शेजारीच होते.

"काही डॉक्टर मानतात की जंतू दडून राहतात," त्या म्हणाल्या. "ते दोन-तीन औषधं एकत्र देतात. पण पुरावा पक्का नाही, आजी. त्रास मात्र नक्की होऊ शकतो."

"नायतर काय?"

"वाट बघायची."

"वाट बघून बोट सुटतला?"

"सांगता येत नाही."

"मग खेळूया. पंच तुमी."

पंचांनी अट घातली. दर पंधरा दिवसांनी रक्त तपासायचं, लिव्हर कुरकुरलं तर खेळ बंद. आणखी एका मोठ्या डॉक्टरांचं मत घेतलं. ते म्हणाले, "मावशी, आजार संपलाय. दुखणं आता मनात आहे." हिने ताठ बोट त्यांच्या टेबलावर ठेवलं. "मन ह्या सांध्यात ऱ्हवता काय?"

रोज सकाळी कॅरमबोर्डावर तीन गोळ्या मांडल्या जायच्या. एकीला दूध चालायचं नाही, म्हणून चहा लांबला. दुसरीने अन्न नको व्हायचं. तिसरीला ऊन सोसत नसे, म्हणून ही भर डिसेंबरात छत्री घेऊन भाजी आणायची. लोक हसले की छत्री आणखी वर धरायची. ओकायची, तोंड धुवायची आणि बोट बोर्डावर घासत बसायची. "एकट्या गोळीचा काम न्हय ह्या. तिघींनी मिळान जावा."

पाच महिन्यांनी बोट वाकलं. पुरतं नाही, पण स्ट्रायकर सुटेल इतकं. डॉक्टरबाई प्रामाणिक. म्हणाल्या, "औषधांनी झालं की वेळेने, मला सांगता येणार नाही."

"श्रेय कोणीय घेवा," ती म्हणाली. "बोट माझा."

त्या संध्याकाळी तिने मला पुन्हा एकही सोंगटी न देता हरवलं. मी पावडरीबद्दल बोलले नाही.

मग ती पुन्हा अमेरिकेला निघाली, त्याच घरी. मी चिडले. "त्या गवताक तोंड दाखवक जातंय," तिने सांगितलं. लेंगा मोज्यात खोचून दाखवला. निघताना तिने बोर्ड माझ्या घरी आणून शेवटचा डाव मांडला. तिने राणी घेतली आणि खाली गाडीचा हॉर्न वाजला.

"कव्हर?" मी विचारलं.

"परत इल्यार देतंय. बोर्ड हलवू नको."

ती आली नाही. तिथेच झोपेत गेली, गोचीड नाही, बिचीड नाही. पोटरी स्वच्छ होती, असं लेकीने मुद्दाम कळवलं.

बोर्ड अजून माझ्या घरी तसाच आहे. नियमाने राणी परत मधे ठेवायला हवी. मी ठेवलेली नाही. रोज दुपारी पावडर टाकते, तिची पांढरी सोंगटी नेमते आणि मारते. हुकते. दुसऱ्याने दिलेलं कव्हर चालत नाही, हे मला ठाऊक आहे. पंचांना बोलवायचं तर बोलवा.