भिंतीवरचा संतरी

आबा गेल्यानंतर आमच्या कुंडलच्या घरात वीज टिकेना. गावभर दिवे असायचे आणि आमच्याच घरात काळोख. आईनं मिक्सर लावला की खट्ट. पाण्याची मोटर लावली की खट्ट. कधी नुसता फ्रीज सुरू झाला तरी जिन्याखालच्या बोर्डातला ट्रिपर खाली पडायचा.

तो ट्रिपर आबांनीच, म्हणजे माझ्या वडिलांनीच बसवलेला. कुठं वीज गळायला लागली, कुणाला शॉक बसायची वेळ आली, की तो सगळ्या घराचा पुरवठा तोडतो. आबा त्याला संतरी म्हणत. फौजेत ते तारा ओढायच्या कामावर होते आणि हा पहारेकऱ्यासाठीचा शब्द तिकडूनच त्यांच्याबरोबर आला. आईनं तो आपल्या पद्धतीनं घेतला. "भिंतीला संत्रं टांगलंय ह्यांनी," असं ती पाहुण्यांना सांगायची.

धाकटा भाऊ शिरवळला कारखान्यात आहे. त्याचा फोन आला. "ताई, अंधारात पडली-बिडली तर काय करायचं? रविवारी गाडी घेऊन येतो. आईला इकडं आणतो आणि घराला कुलूप लावू."

आई शेजारीच बसली होती. "त्या सातव्या मजल्यावर बोलायला कोण हाय?" ती म्हणाली. "लिफ्ट?"

भाऊ हसला, पण बेत बदलला नाही. त्याचं चूक नव्हतं. असल्या घरात एकट्या बाईला ठेवणं मलाही पटत नव्हतं. आई मात्र ताटातली भाकरी नुसती मोडत राहिली. तिला जायचं नव्हतं, आणि घरात थांबायचं तर वीज गळते कुठं हे आधी सापडायला हवं होतं.

गावातला वायरमन येऊन गेला. त्यानं ट्रिपर बदलून पाहिला, तर नवाही पडला. मग त्यानं एमसीबी, म्हणजे बोर्डातले एकेका खोलीचे खटके, एकेक करून खाली केल्या. कुठल्याही खोलीची खाली केली तरी दुसरीकडं काही लावलं की ट्रिपर पडायचाच. शेवटी पक्कड पिशवीत टाकत तो म्हणाला, "आवं काकू, वायरिंग मुरलंय. डायरेक्ट करून देतो."

"डायरेक्ट म्हंजी?"

"ट्रिपर मधनं काढायचा. निम्म्या गावात तसंच हाय. काय बी हुत न्हाई."

"निम्म्या गावाचं वायरिंग माझ्या नवऱ्यानं न्हाई केलं रं," आई म्हणाली.

तो खळखळून हसला. "मग तासगावला बेदाण्याच्या शेडचं काम हाय, ते उरकून शनवारी येतो. तवर माझ्या नावानं दिवा लावा. तेलाचा लावा पर."

मी सांगलीला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. भलत्या कपाटात गेलेलं पुस्तक शोधायचं तर एकच वाट असते. जिथं ते नाही त्या जागा एकेक करून बाद करायच्या. मी रजा वाढवली.

आबांचा तारा तपासायचा मीटर त्यांच्या काळ्या ट्रंकेत होता आणि वर त्यांचा मफलर. मफलर नाकाशी न्यायचा नाही, असं मी त्या दिवसापुरतं ठरवलं आणि तो बाजूला ठेवला.

जेवताना आबा कामाबद्दल खूप बोलायचे. त्यातलं एक मला आठवत होतं. खोलीची एमसीबी फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी तार तोडते, न्यूट्रलची परतीची तार जोडलेलीच राहते. तीच न्यूट्रल कुठं अर्थिंगला टेकली, तर घरात काहीही लावा, ट्रिपर पडणार. म्हणजे वायरमननं सगळ्या खोल्यांच्या एमसीबी पाडून पाहिल्या खऱ्या, पण दोष मागच्या दारानं आतच राहिला होता.

मेन बंद केला, सगळे प्लग काढले, बोर्ड उघडला. न्यूट्रलच्या तारा एका पट्टीत आवळलेल्या होत्या आणि प्रत्येकीला वेगळ्या रंगाची लोकर बांधलेली होती. मी आईला हाक मारली.

"ही माझ्या विणकामातली," ती टॉर्च धरून म्हणाली. "हिरवी सैपाकघराची. निळी माडीची. उरलीसुरली सगळी ह्यांनीच पळवली."

पट्टीतून तारा सोडवल्या. मीटरचं एक टोक अर्थिंगला आणि दुसरं एकेका तारेला लावत गेले; दोन्ही कुठं एकमेकींना टेकल्या असतील तर तो ओरडणार होता. हिरवी गप्प, निळी गप्प. पिवळीला लावलं आणि मीटर किंचाळला.

"पिवळी भाईरच्या खोलीची," आई म्हणाली. "तुझ्या कानटोपीची."

बाहेरच्या खोलीत सॉकेटचे बोर्ड एकाच भिंतीवर रांगेत आहेत आणि तार एकातून पुढच्यात जाते. मी मधल्या बोर्डापाशी ती तोडली. दाराकडची बाजू गप्प होती, खिडकीकडची किंचाळत होती. खिडकीजवळचा शेवटचा बोर्ड खोलून त्यातली तारही सोडवली, तरी आवाज येतच होता. म्हणजे दोष या दोन बोर्डांच्या मधल्या भिंतीत होता. मधल्या बोर्डातून पाइप सरळ वर जातो, छताखालून आडवा फिरतो आणि खिडकीपाशी खाली उतरतो.

मी नजर वर नेली. मधल्या बोर्डाच्या बरोबर वर आबांचा फोटो होता.

बाराव्याच्या सकाळी भावानं तो तिथं लावला होता. फोटोपुढच्या विजेच्या समईची वायर लोंबताना दिसू नये, म्हणून बोर्डाच्या अगदी डोक्यावर. खिळा लांबच घेतला होता, कारण काच जड होती. त्या दिवशी ट्रिपर पहिल्यांदा पडला तेव्हा आम्ही सगळ्यांनी मांडववाल्याच्या हॅलोजनला शिव्या घातल्या होत्या.

"ह्ये बोर्डाच्या वर खिळा ठोकू द्यायचे न्हाईत कुणाला," आई हळूच म्हणाली. "कॅलिंडरसुदिक न्हाई."

ती स्टुलाशी आली. मी फोटो उतरवून तिच्या हातात दिला आणि पक्कडीनं खिळा धरला. तो सहज येईना. हलवून हलवून ओढला, तेव्हा चुन्याच्या भुग्यासकट बाहेर आला. पाइपातली न्यूट्रल आणि अर्थिंगची तार त्यानंच एकमेकींना जोडली होती; खाली मीटर गप्प झाला होता.

शनिवारी वायरमननं पाइपातून नवी तार ओढली. जुनीला पडलेलं भोक त्यानं बोटानं चाचपलं. "काकांनी सवताच काम काढलं म्हणायचं," तो म्हणाला आणि लगेच जीभ चावली. आई हसली. आबा गेल्यावर मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं ते तेव्हा.

रविवारी भाऊ आला. त्यानं मिक्सर लावला, मोटर लावली, फ्रीजचं दार उघडून आतला दिवा पाहिला. मग मोकळी भिंत त्याच्या लक्षात आली. मी खिळा त्याच्या तळहातावर ठेवला. त्यानं टोकाला लागलेला चुना अंगठ्यानं पुसला.

"फोटो कुठं लावायचा मग?"

"शोकेसवर टेकून ठेवलाय," आई म्हणाली. "ह्यांना खिळा चालत न्हवता." मग तिनं त्याला जिन्याखाली नेलं. "ते बारकं बटण दाब. ह्ये म्हैन्यातनं एकदा दाबायचे."

त्यानं ट्रिपरवरचं चाचणीचं बटण दाबलं. खट्ट झालं आणि सगळं घर बंद पडलं.

"बघ," अंधारातून आईचा आवाज आला, "जागा हाय."

तिनं स्वतः हात वर करून ट्रिपर चढवला आणि भावाच्या चहाला आधण ठेवायला गेली. गाडीच्या डिकीत तिच्या सामानासाठी रिकामी ठेवलेली जागा मग त्यानं काकवीच्या बाटल्यांनी आणि शेंगांच्या पोत्यानं भरून नेली.