शमिकाचा उखाणा

अशोका गार्डन वस्तीतल्या दवाखान्यात सरोज सिस्टर पडदा ओढून घ्यायची, पण आवाज कुठला आवरायची! "सिफिलिस है बेटा. मिस्टर से आया है. तुझे सुई, उसको भी सुई. वो नहीं लेगा तो फिर तुझे होगा, और फिर बच्चे को. समझी?"

एकोणीस वर्षांची, पाचव्या महिन्यातली शमिका समजली. पडद्यापलीकडे बाकावर बसलेल्या बायकाही समजल्या.

घरी सासूबाईंनी रिपोर्ट चिमटीत धरला. "आमच्या प्रतीकला? सरकारी नोकरी आहे हो त्याची! तूच आणलं असशील माहेरून."

प्रतीकने मोबाइलमधून मान वर काढली नाही. "मला काही होतंय का? फालतू टेन्शन नको यार."

तीन आठवडे, दर आठवड्याला एक सुई घेऊन शमिका लंगडत घरी यायची. वेगळं निजते म्हटलं, तर सासूबाई दारातूनच "रुसलीस का गं?" म्हणत तिला परत प्रतीककडे धाडायच्या.

सातव्या महिन्यात पुन्हा रक्त तपासलं आणि सिस्टरचा फोन आला. "फिर बढ़ गया. बोला था ना मैंने?"

दुसऱ्या दिवशी डोहाळजेवण होतं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, झाकलेल्या वाट्यांत पेढा आणि बर्फी. बायकांनी एकच गिल्ला केला, "नाव घे, नाव घे! जोरात गं, आत प्रतीकला ऐकू जाऊ दे!"

शमिकाने घेतलं.

"हिरव्या साडीला जरीचा काठ,
प्रतीकराव दवाखान्याकडे फिरवतात पाठ."

हशा पिकला. "अगंबाई, सुईला घाबरतो की काय!" सासूबाईही हसल्या.

"घाबरत नाहीत," शमिका म्हणाली. "त्यांचा रोग मला झाला. मी सुया घेतल्या, ते घेत नाहीत. आता बाळाची पाळी आहे."



"या दिवसांत काहीही बरळतात हो मुली," सासूबाई म्हणाल्या. "बर्फी घ्या ना!"

बर्फीला कुणी हात लावला नाही. शेजारच्या सुलभाकाकू मात्र ओटीचा नारळ खाली ठेवून आतल्या दाराशी गेल्या. "प्रतीक, चपला घाल."

सिस्टरने दोघांनाही सुई दिली. मग बोटांवर आठवडे मोजले आणि आज पहिल्यांदाच हळू बोलली, "लेट हुआ बेटा. अब बच्चा होने पर ही पता चलेगा."

बाहेर बाकावर तिरका बसून प्रतीक कुरकुरत होता, "चारचौघींत माझी इज्जत काढलीस तू."

पोटावर हात ठेवून शमिका बाळ हलायची वाट बघत होती.