रक्तातली सूज

वडील गेल्यापासून झोप येत नव्हती, म्हणून मी धुळ्याला मनोविकाराच्या डॉक्टरांकडे जात होतो. तिथे साक्रीकडचा एक शेतकरी एकदाच भेटला. पन्नाशीचा, धिप्पाड. शेजारच्याने मोबाइलवर मोठ्याने गाणं लावलं, तसा तो मुकाट्याने उठला आणि गाणं थांबेपर्यंत जिन्यात उभा राहिला.

"राग येवाले लागना का बाहेर निंघी जास," परतल्यावर तो ओशाळं हसत म्हणाला.

असं अचानक भडकणाऱ्या काही माणसांच्या रक्तात सूज सापडते, असं डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं. त्याच्याही रक्ततपासणीत ती निघाली. सूज म्हटल्यावर बायकोने त्याच्या डोक्याला हळदीचा लेप लावला. गोळ्यांनी राग आवरला, तशा त्याने त्या सोडल्या, आणि पुढच्या भांडणात त्याच्या मारामुळे तिचा हात मोडला. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या सणाला, ती माहेरी गेली, ती परतलीच नाही.

"आता गोळ्या चालू आहेत ना? तिला सांगा, तो आजार होता," मी म्हणालो.

त्याने नकारार्थी मान हलवली आणि स्वतःचा उजवा हात पुढे धरला. "सूज रगतमा व्हती, भाऊ. हात तं मनाच व्हता."

त्याचा नंबर आला. उठता उठता म्हणाला, "ती परत नही उनी तरी आते गोळी सोडसू नही."

माझ्या वडिलांच्या रागाला, आईवर हात उठला तरी, घरात सगळे स्वभाव म्हणत. औषधाने तो उतरलाही असता कदाचित. पण ‘हात माझाच होता’, एवढं तरी आईला त्यांच्याकडून ऐकायला मिळालं असतं का, हे आता कुणाला विचारणार?